बेटाच्या टोकाला जाणाऱ्यांसाठी सूचना

कृपयाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची तसदी इमारतीत आजवर कुणी घेतलेली नाही. मोठ्या बस स्थानकावर काचेच्या खोपटात बसून माइकवरून घोषणा करायच्या, ही त्यांची नोकरी. हनुवटी जरा खाली, माइकवर टिचकी, एक श्वास, आणि मग, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." बस्स. एवढ्यावर अख्खं स्थानक थबकायचं. रडतं पोर गप्प व्हायचं, भांडणारे आपलं भांडण अर्धवट ठेवून वर बघायचे. घरी मात्र याच आवाजाला कुत्रं विचारत नसे.

दोष सगळा घरच्यांचाच होता असंही नाही. जित्याची खोड ती. बाथरूमच्या बंद दाराआडून ते जाहीर करायचे, "स्नानगृह थोड्याच वेळात मोकळे होत आहे." जेवायला बसले की, "भाताचे पातेले कृपया पुढे पाठवण्यात यावे." लेक ते पातेलं उचलायची आणि स्वतःच्या ताटाजवळ ठेवायची. त्यांची आई तर त्यांचं बोलणं सुरू झालं की ऐकायचं यंत्र कानातून काढून हातात धरायची. इतकं उघड कुणी करतं का? पण आईपुढे शहाणपण चालत नाही.

आणि बायको होती बालवाडीत बाई. सकाळपासून कानाशी पोरांचा चिवचिवाट, घरी आल्यावर नवरा. तेव्हा बेटाच्या सहलीचं ज्या दिवशी पक्कं झालं, त्या दिवशी तिने एकच अट घातली.

बेट समुद्रात, लाँचने तासाभरावर. दाट झाडी, झाडीतून पायवाटा, आणि सगळ्यात लांबची पायवाट जिथे संपते तिथे खडकाचं एक टोक. तिथे बसलं की तिन्ही बाजूंना नुसतं पाणी. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत त्या टोकाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं, आणि "तुला तिथे नेतो" असं कृपयारावांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. ही गाडी तेव्हापासून 'थोड्याच वेळात' सुटणार होती. खोली बदलली, लेक कॉलेजात गेली, गाडी काही फलाटाला लागली नाही.

"मला त्या टोकावर बसायचंय," बायको म्हणाली. "गप्प. आणि त्या दिवशी तुमच्या तोंडून एकही घोषणा नको. निघाल्यापासून परत येईपर्यंत."

"आणि झाली तर?"

"तर यापुढे आपल्या सहली माझा भाऊ ठरवेल."

मेहुणा गाद्यांचा विक्रेता होता. जिथे बसेल तिथे आधी तळहाताने दाबून बघायचा आणि मग पाठीच्या कण्याविषयी बोलायचा. मागे एकदा त्याने सगळ्यांना धबधबा दाखवायला नेलं होतं. धबधबा कोरडा ठणठणीत. तर या पठ्ठ्याने खडकासमोर उभं राहून पाणी कुठून पडतं, कसं पडतं, तुषार कुठवर येतात, हे सगळं हातवारे करून दाखवलं आणि घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कृपयारावांना अजून ऐकू यायच्या. असल्या माणसाच्या मागून आयुष्यभर सहलीला जायचं? त्यापेक्षा दिवसभर जीभ दाताखाली धरलेली बरी.

सहलीची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यातच गाठून म्हणाले, "बेटावरची हवा खारी. तोंड उघडं ठेवून चालू नका, दात आंबतात." वरच्या मजल्यावरच्या काकू स्वतः इमारतीच्या फाटकापलीकडे क्वचितच गेल्या असतील, पण जंगलाबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या दोरी घेऊन आल्या.

"दोरी कशाला, काकू?"

"असू द्यावी. दोरीचं काय आहे, गरज पडते तेव्हाच नसते."

मग दोरीसोबत बॅटरी आली, बॅटरीसोबत मोठी छत्री आली, छत्री मावेना म्हणून मोठी पिशवी आली. निघायच्या दिवशी पहाटे कृपयाराव जिना उतरले ते पाहून दूधवाल्याने विचारलं, "घर सोडलंत की काय?" त्यांच्या ओठांवर चांगलं खणखणीत उत्तर आलं होतं. बायकोने नुसतं बघितलं. त्यांनी ते गिळलं.

बायको, लेक आणि आईसोबत मेहुणाही आला होता, आणि लाँचवर तर परीक्षाच होती. तिथे एक माणूस माइक तोंडात कोंबून सूचना देत होता. शब्द चावायचा, अर्धा गिळायचा, उरलेला बाहेर टाकायचा. लाइफ जॅकेट कुठे आहेत हे त्याने सांगितलं, आणि ते लाँचवर कुणालाही कळलं नाही. कृपयारावांनी कठडा असा घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. कसाई गाय कापतो ते बघवत नाही म्हणतात, तसं झालं त्यांना. लेकीने त्यांच्याकडे बघितलं आणि लिंबाची एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

बेटावर उतरलं की धक्क्याला लागूनच एक खिडकी होती. पायवाटांवर जायची परवानगी तिथे मिळायची. खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"किती जण?"

"पाच," कृपयाराव म्हणाले.

"मग गट."

"नाही हो, कुटुंब आहे आमचं."

"चारपर्यंत कुटुंब. पाच म्हणजे गट."

"पण आम्ही सगळे एकाच घरचे..."

"असाल. पाचवा कोण?"

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा दुखावला. "ताई, मी जातो परत," असं तो दोनदा म्हणाला, पण तसूभर हलला नाही. आई म्हणाली, "मीच बसते इथे धक्क्यावर. म्हातारीला काय बघायचंय आता?" आणि कोण नको म्हणतंय हे बघायला तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांना नको म्हणावं लागलं. थोडक्यात, गट झाला.

गट म्हटला की गटप्रमुख आला. गटप्रमुखाने दंडावर केशरी पट्टा बांधायचा, सगळ्यांच्या पुढे चालायचं, आणि परत जाताना पट्टा खिडकीवर जमा करायचा, म्हणजे गट परत गेला असं समजायचं. मेहुण्याने बाही आधीच वर केली होती.

"आवाज बघू," साहेब म्हणाले. "शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे."

मेहुणा ओरडला, "मंडळी, चला." धक्क्यावरचा एक पक्षी उडाला, बाकी काही घडलं नाही.

"तुम्ही?"

कृपयारावांनी बायकोकडे पाहिलं. "मी?" एवढंच ते म्हणाले, तेही खालच्या पट्टीत. खिडकीची काच झणझणली. साहेबांनी मुकाट्याने पट्टा त्यांच्यापुढे सरकवला. त्याला घोषणा म्हणता येणार नाही, असं बायकोनेही मान्य केलं.

आता पट्टा यांच्या दंडावर, पण वाट ठरवणार मेहुणा, कारण तो इथे आधी येऊन गेलेला. "भाऊजी, तुम्ही फक्त पुढे चाला. कुठे वळायचं ते मी मागून सांगतो." कुणाच्या गटप्रमुखपणाचा असा पंचनामा झाला नसेल. मागून "डावीकडे" आलं की हे डावीकडे, "उजवीकडे" आलं की उजवीकडे. झाडी मात्र सुंदर होती, खोटं कशाला बोला. पानांतून ऊन गळत होतं, खालून लाटांचा आवाज येत होता, आई लेकीचा हात धरून टुकूटुकू चालत होती. अर्धा-पाऊण तास चालल्यावर एक चहाची टपरी लागली. सगळ्यांनी चहा घेतला. पुन्हा चालले. डावीकडे, उजवीकडे, चढ, उतार. आणि पुन्हा टपरी.

"परत आलात?" टपरीवाली म्हणाली. "चहा आवडला वाटतं."

फाट्यावर खांब होता, खांबावर ठसठशीत बाण होता, 'टोकाकडे' असं लिहिलेलं होतं. कृपयारावांनी तो पहिल्याच फेरीत वाचला होता. पण सांगायला तोंड उघडलं की आपल्या तोंडून काय बाहेर पडेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. तिसऱ्यांदा टपरी आली तेव्हा टपरीवालीने न विचारता पाच कप भरले, आणि आईने मेहुण्याला विचारलं, "बाळा, तू नक्की याच बेटावर आला होतास?" मेहुण्याने बाक तळहाताने दाबून पाहिला आणि वाटा बदलल्यात असा निष्कर्ष काढला. लेक मात्र खांबापाशी जाऊन उभी राहिली. "बाबा, इथे लिहिलंय की." कृपयाराव तिच्याकडे इतक्या कृतज्ञतेने बघायला लागले की तिने त्यांना आणखी एक गोळी दिली.

पुढची वाट सरळ होती. घात झाला तो पुलावर.

एका घळीवर लाकडी फळ्यांचा पूल होता. अरुंद, एका वेळी एक माणूस जाईल इतका. यांच्या मागून दुसऱ्या लाँचची गर्दी आली होती, समोरून टोक बघून परतणारी माणसं येत होती. कृपयाराव पलीकडे पोचले, मागे वळून बघतात तर पुलाच्या मधोमध बायको आणि आई अडकलेल्या. यांच्या बरोबरीने समोरचेही पुलावर घुसले होते. मागचे म्हणाले तुम्ही मागे व्हा, पुढचे म्हणाले तुम्हीच व्हा. कुणी मागे होईना. एका गृहस्थांनी नियम सांगितला, दुसऱ्यांनी त्याच्या उलट नियम सांगितला. फळ्या करकरायला लागल्या. आईने कठड्याची दोरी धरून डोळे मिटले. बायकोने एक हात आईच्या पाठीभोवती टाकला, आणि तिचा चेहरा असा झाला होता की कृपयारावांना पुढचं काही सुचलंच नाही. अट गेली, मेहुणा गेला, सगळं गेलं. हनुवटी आपोआप खाली आली. एक श्वास.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

पूल गप्प. घळ गप्प. वाऱ्यानेसुद्धा ऐकलं असावं.

"परतीच्या प्रवाशांनी आहे त्या जागेवरून सावकाश मागे सरकावे. टोकाकडे जाणाऱ्या प्रवाशांना प्राधान्य देण्यात येत आहे. घाई करू नये. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

आणि काय सांगायचं, सरकले की सगळे. नियमवाले गृहस्थ तर सर्वांत आधी. पूल मोकळा झाला, आई त्यांच्यापाशी पोचली, डोळे उघडले आणि म्हणाली, "कोण रे तो बोलला? फार छान आवाज."

बायको आली. कपाळावर घाम, श्वास लागलेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "झाली एक."

"झाली," कृपयाराव म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. नुसतं हरल्याचं नव्हे. इतक्या वर्षांनी तिने एक दिवस मागितला होता, आणि तोही अर्ध्या वाटेत मोडला.

पण दुःख करायला फुरसत कुठे होती? ते चालायला लागले तर मागची सगळी गर्दी त्यांच्या मागे. ते थांबले की गर्दी थांबे. दंडावर पट्टा, वर तो आवाज, लोकांना आणखी काय हवं असतं? एक बाई पुढे येऊन म्हणाल्या, "हे झाड कसलं हो?" कृपयारावांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण 'माहीत नाही' हे शब्द घोषणेत बसत नाहीत. ते म्हणाले, "याबाबतची माहिती थोड्याच वेळात देण्यात येईल." बाईंनी समाधानाने मान डोलावली. मग एकाने पक्ष्याबद्दल विचारलं, एकाने बेटाच्या वयाबद्दल. सगळ्यांना माहिती थोड्याच वेळात मिळणार होती आणि सगळे खुशीत होते. मेहुणा शेवटून दुसरा चालत होता. लेकीला हसू आवरेना, ती झाडाआड जाऊन हसून आली. आणि कृपयारावांनी चोरून बघितलं, तर बायकोही ओठ दाबून कुठेतरी लांब बघत होती.

टोक आलं. कॅलेंडरवरच्या चित्रापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. काळा खडक, त्याला धडकणारं हिरवं पाणी, आणि तिन्ही बाजूंना क्षितिज. पण त्या खडकावर यांच्यासोबत आता अर्धी लाँच उभी होती. कुणी डबे उघडले, कुणी फोटोसाठी ओळी लावल्या, कुणी कुणाला हाका मारत होतं. बायको मध्ये उभी होती. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकात उभी राहते, अगदी तशीच.

कृपयाराव तिच्याजवळ गेले. "एक शेवटची करू?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने गर्दीकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. "करा. पण त्यानंतर एकही नाही."

"एकही नाही."

त्यांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि मेहुण्याच्या दंडाला बांधला. मेहुण्याची छाती बघता बघता दोन इंच पुढे आली. मग कृपयाराव खडकावर चढले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. धक्क्याकडे परतणारा गट आता सुटत आहे. नेतृत्व आमचे अनुभवी सहकारी करतील. झाडे, पक्षी आणि बेटाचे वय यांबाबतची संपूर्ण माहिती तेच वाटेत देतील."

मेहुण्याने माहिती द्यायला तिथूनच सुरुवात केली. ती अगदी धबधब्याच्या तोडीची होती. गर्दी त्याच्यामागे निघाली. आईचे गुडघे बोलायला लागले होते, तिला चहा हवा होता, म्हणून लेक तिला घेऊन त्यांच्याबरोबर गेली. आवाज लांब लांब गेले. झाडीत विरले. आणि टोकावर दोघंच उरली.

बायको खडकावर बसली. चपला काढून ठेवल्या, पाय लांब केले. कृपयाराव शेजारी बसले. ती बोलली नाही, हेही बोलले नाहीत. इतका वेळ गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. आधी घसा खवखवला, मग कान वाजले, आणि मग हळूहळू पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. लाट येताना एक आवाज होतो आणि जाताना दुसरा, हे त्यांना या वयात पहिल्यांदाच कळलं. तिने डोकं त्यांच्या खांद्याला टेकलं. त्यांना इतका आनंद झाला की तो जाहीर करावासा वाटला. त्यांनी तो आतच ठेवला.

तेवढ्यात लांबून भोंगा वाजला.

भोंगा म्हणजे काय हे बेटावर त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ही शेवटची लाँच. पहिला भोंगा तयारीचा. आयुष्यभर त्यांनी माणसांना गाडी चुकू नये म्हणून हाका मारल्या होत्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले. दुसरा भोंगा वाजला. कृपयारावांनी दोन्ही हातांनी खडक धरला. तिसरा वाजला, लांबला, आणि थांबला.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा बायकोने डोळे उघडले. "किती छान वाटलं," ती म्हणाली. "चला, निघू या आता. लाँच कधी आहे?"

"गेली."

"गेली म्हणजे?"

"शेवटची होती. गेली."

ती ताठ बसली. "भोंगा ऐकला नाहीत?"

"ऐकला. तिन्ही."

"मग बोलला का नाहीत?"

"एकही नको म्हणालीस," कृपयाराव म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, असं की पोट धरून ती खडकावर आडवी झाली. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला पदर घेतला तर आणखी आलं. हसता हसता तिने त्यांचा हात धरला तो धक्क्यापर्यंत सोडलाच नाही, पुलावरसुद्धा नाही.

धक्क्यावर खिडकीतले साहेब कुलूप लावत होते. बाजूला बेटावरचा कचरा नेणारी होडी होती, तिच्यातूनच ते घरी जायचे.

"तुम्ही तर गेलात," साहेब म्हणाले.

"आम्ही इथे आहोत."

"असाल. पण पट्टा जमा झालाय. पट्टा आला म्हणजे गट आला. तुमची म्हातारी आणि मुलगी सांगत होत्या दोघं राहिलीत म्हणून, पण केशरी पट्टेवाल्याच्या मागे चांगले पन्नास जण मोजले मी. पाचाच्या जागी पन्नास आल्यावर राहिलं कोण, तुम्हीच सांगा. तरी भोंगा तीनदा द्यायला लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातो तो." साहेब आता खरेच तापले. "तुम्हाला ऐकू येत नाही का हो?"

कृपयारावांनी छाती भरून घेतली. उभ्या जन्मात असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. स्थानक, खोपटं, माइक, सगळी कारकीर्द घशाशी आली.

"नाही येत हो," बायको म्हणाली. "कमी ऐकू येतं यांना. माझंच चुकलं, मी लक्ष द्यायला हवं होतं."

साहेबांचा राग एकदम उतरला. "अरेरे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनाही तसंच होतं." त्यांनी स्वतः हात देऊन कृपयारावांना होडीत घेतलं, पोत्यांमध्ये जागा करून दिली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "नीट बसा. होडी आता सुटत आहे."

मग पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत साहेब एकेक गोष्ट कानात ओरडून सांगत राहिले. तो बघा दिवा. तो बघा खडक. ते बघा मासे. बायको पोत्याला टेकून, तोंडात पदर कोंबून बसली होती. आणि कृपयाराव प्रत्येक सूचनेला मान हलवत होते, मोठ्या आदराने, अगदी शेवटपर्यंत.